मापाची माती

"पाय सरळ ठिवा. अंगठा उचलू नका," गेनबा म्हणाला.

"ठेवलाय की सरळ."

"आता समदं वजन टाका. हां. उचला."

सोनबाने ओल्या मातीतून पाय उचलला आणि शेजारच्या दगडावर घासून पुसला. बुधवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी गेनबा चांभाराचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, भिंतीला टेकवलेलं एक छप्पर, खाली कातड्याचे तुकडे, आणि पुढ्यात रोज पाणी मारून ओली ठेवलेली तांबडी माती. तिला तो मापाची माती म्हणायचा. गिऱ्हाइकाने तिच्यात पाय उमटवायचा आणि बाजूला व्हायचं. मग गेनबाने पुढे सरकायचं, ठशात काडी धरायची आणि लांबीला एक, रुंदीला एक अशा काड्या मोडून घ्यायच्या. त्याच्या बापाने असंच माप घेतलं, आज्यानेही असंच घेतलं. कोणाच्या पायाला हात लावायचा नाही, गिऱ्हाइकाने लावू द्यायचा नाही. हे कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं, शिकवायची गरजच नव्हती. गेनबाने शिवलेली वहाण लोकांना दिवसभर पायात चालायची, गेनबाचा हात तेवढा चालत नव्हता. आपल्या पुण्याचा शहाणपणा हा असा.

"गेनबा, मागच्या खेपेलाबी तू काडीच घेतली व्हतीस. वहाण अशी झाली की माझा पाय जाऊन शेजाऱ्याचाबी मावंल."

"माप बरुबर हाय, जासूददादा. काडी खोटं बोलत न्हाई."

"मग काय माझा पाय खोटं बोलतो?"

"त्ये म्या कसं सांगू? तुमचा पाय, तुमाला ठावं."

सोनबाने वाद तिथेच सोडला. भांडून वहाण घट्ट होत असती, तर त्याच्या वहाणा कधीच घट्ट झाल्या असत्या.

पानिपत होऊन वीसेक वर्षं उलटली होती आणि पुणं पुन्हा गजबजलं होतं. सोनबा आप्पासाहेब नावाच्या सरदारांच्या पदरी जासूद होता. पत्राची थैली कमरेला बांधायची आणि सांगतील तिथे पायी पोचवायची, हे त्याचं काम. जासूद एकटा जात नसे, जोडीने जाई. एकाला वाटेत काही झालं, तर दुसऱ्याने थैली घेऊन पुढे जायचं, ही रीत. सोनबाचा जोडीदार मच्छिंद्र. मच्छिंद्रचे पाय भाकरीसारखे थापलेले, कुठल्याही वहाणेत भरून उरायचे. सोनबाचे मात्र लांब आणि अरुंद, टाच तर पोरीबाळीसारखी लहान. त्याची आई कौतुकाने म्हणायची, पोराचे पाय राजाचे आहेत. राजाला चालावं लागत नाही, हे त्या माउलीच्या लक्षात आलं नव्हतं.

सपाटीला तो कसंबसं निभवायचा. पट्ट्यात चिंध्या कोंबायच्या, टाचेखाली कातड्याचा तुकडा घालायचा. चिंध्या घामाने भिजून गोळा व्हायच्या आणि तिथेच फोड यायचा. चढाला टाच सुटायची आणि वहाण फटक फटक वाजायची. "सोन्या, तुझा आवाज गनिमाला कोसावरनं ऐकू जाईल," मच्छिंद्र म्हणायचा. पण खरे हाल उताराला. पाय पुढे घसरायचा, बोटं वहाणेच्या पुढे बाहेर यायची आणि धोंड्याला ठेचायची. अनवाणी चालून पाहिलं तर घाटातल्या खडीने तळवे सोलून निघाले. दुकानं बदलून पाहिली. रविवारात गेला, कसब्यात गेला, सासवडला जाताना तिथे करून घेतल्या. सगळीकडे तीच माती आणि त्याच काड्या.

त्या वर्षी भाद्रपदात थैली कल्याणला अर्धा दिवस उशिरा पोचली, आणि परत आल्यावर कारभारी अनंतपंतांनी त्याला समोर उभं केलं. पंत कधी आवाज चढवत नसत. त्यामुळेच लोक त्यांना घाबरत.

"काय सोनबा, वाटेत सासुरवाडी लागली होती का?"

"न्हाई जी. पायानं दगा दिला."

"पाय नसलेला जासूद आम्ही अजून पाहिला नाही. पुन्हा असं झालं तर तू आपला देवडीवर बस. मच्छिंद्रला दुसरा जोडीदार देऊ."

देवडीवर, म्हणजे वाड्याच्या दरवाज्यात. आल्यागेल्याला कोण, कुठले, विचारायचं आणि जांभया द्यायच्या. पोटाला तिथेही मिळालं असतं. पण सोनबाला वाट प्यारी होती. खडकवासल्याकडच्या गावातून आलेला हा गडी. बापाबरोबर नांगराच्या मागे त्याच तुकड्यात फिरून कंटाळला आणि जासूद झाला. खंडाळ्याच्या पुढे एकदम जमीन संपते आणि खाली कोकण दिसतं, ते पाहायला तो दर वेळी काही ना काही निमित्त काढून थांबायचा. हे तो बायकोशिवाय कोणाला सांगत नसे. मोठ्या माणसाने असलं सांगायचं नसतं.

बायकोचं नाव मैना. तोंडाने फटकळ, पण रोज संध्याकाळी त्याच्या पायांना तेल लावायची. गेनबाने काड्या घेतल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओटी सारवत होती. सोनबा हौदावरून पाय धुऊन आला आणि थेट ओल्या सारवणावर पाऊल टाकलं.

"अवो, डोळं हायती का कवड्या? आत्ता सारवलंय."

"दिसलं न्हाई."

"तुमास्नी घाट दिसतो, ओटी दिसत न्हाई."

ठसा पुसायला ती वाकली आणि तिचा हात थांबला. तिने ठशाकडे पाहिलं, मग त्याच्या पायाकडे पाहिलं.

"हिकडं या. त्यातच पाय ठिवा परत. हळू. वजन टाकू नका."

सोनबाने ठेवला. ठशात पाय बसला आणि कडेला मैनेची दोन बोटं आरामात बसली.

"ह्यो ठसा तुमचा न्हाई," ती म्हणाली. "म्हंजे हाय तुमचाच. पर तुमचा पाय बारीक, अंगात वजन. वलीत खोल रुततो आन् शेण दोन्ही कडंला सरतं. त्या गेनबाची माती काय निराळी असंल का? लोकांचं पाय रुंद, त्ये कशातबी बसत्यात. मरण तुमचं."

सोनबा ठशाकडे बघत राहिला. इतकी वर्षं, इतके फोड आणि इतके टोमणे, सगळं ह्या दोन बोटांपायी. त्याला हसावं की रडावं कळेना.

मैनेने लगेच दोरा घेतला, त्याच्या पायाची रुंदी मोजली आणि गाठ मारून स्वतःच गेनबाकडे गेली. दोरा तिने दुकानाच्या फळीवर ठेवला आणि मागे सरून उभी राहिली. गेनबाने तो उचलून आपल्या काडीशेजारी धरला. मग दोरा उलटा करून पुन्हा धरून पाहिला.

"वैनी, मंग म्या समद्यांचीच मापं..." त्याने काडी खाली ठेवली. "माझा बा म्हनायचा, माती खोटं बोलत न्हाई. म्याबी तेच म्हनत आलो."

"झालं गेलं ऱ्हाऊ द्या. आता ह्या दोऱ्यापरमानं करा."

"दोऱ्यानं रुंदी कळंल. पर पाय म्हंजे काय फळी हाय का, वैनी? टाच कुटं आवळायची, पट्टा कुटल्या हाडाच्या म्होरं बसवायचा, त्ये हातात घेतल्याबिगर कसं कळंल? म्या धरीन. माझं काय जातंय? त्यांनी द्याया पायजे."

घरी आल्यावर मैनेने हे सांगितलं तेव्हा सोनबा आधी चिडला. मग म्हणाला, लोक काय म्हणतील.

"लोक घाट चढाया येत्यात का तुमच्या संगं?" मैना म्हणाली. "उजाडतानाच जा. तवा बाजारात कुत्रंबी नसतं. आल्यावर डोईवरनं पानी घ्या, मिटलं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो गेला. मैनेने आदल्या रात्रीच निरोप धाडला होता, त्यामुळे गेनबा वाट बघत बसला होता. त्याने हात कोपरापर्यंत धुतले होते आणि मांडीवर एक धुवट फडकं पसरलं होतं. ते फडकं पाहून सोनबाला कसंनुसं झालं. तो दगडावर टेकला आणि उजवा पाय त्याने पुढे केला. गेनबाने दोन्ही हात पुढे आणले.

"काय रं सोन्या, पाय चेपून घेतोस व्हय? पाटील झालास का काय?"

मागे मच्छिंद्र उभा होता. हातात तुटलेल्या पट्ट्याची वहाण, चेहऱ्यावर नेहमीचं हसू. तो आपला सहज बोलला. मच्छिंद्रच्या मनात कधी वाईट नसे, डोक्यातही फारसं काही नसे. "पंतांनी बोलावलंय. उद्या पनवेलीला निघायचं. पट्टा शिवून घ्याया आलो, तर हितं तुझी सेवा चाललेली."

समोरच्या हौदावर पहाटेच पाणी भरायला आलेल्या बायका हसल्या. त्या त्यांच्याच कशाला तरी हसल्या असतील. पण सोनबाचे कान तापले आणि त्याने पाय मागे घेतला. उठला आणि सरळ मापाच्या मातीत उभा राहिला.

"काडीनंच घे," तो म्हणाला.

गेनबाचे हात तसेच अधांतरी राहिले होते. त्याने ते खाली घेतले.

"बरं," तो म्हणाला आणि मांडीवरचं फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

बिचाऱ्याने आपल्या परीने केलं. मैनेचा दोरा होता, काडी होती. उरलेलं अंदाजाने धरून त्याने संध्याकाळपर्यंत वहाणा शिवून दिल्या. आणि त्या आधीच्यापेक्षा खरंच बऱ्या झाल्या होत्या. पुण्याबाहेर पडल्यावर वडगावपर्यंत सोनबाने एकदाही पट्टा आवळला नाही. "बघ, काडीनंबी जमतं," तो मच्छिंद्रला म्हणाला. मच्छिंद्रला कशाबद्दल बोलणं चाललंय ते कळलं नाही, पण त्याने मान हलवली. कार्तिकातली हवा होती, दोन्ही अंगांना गवत पिवळं पडत होतं, आणि सोनबा कित्येक वर्षांनी जोडीदाराच्या पुढे चालत होता. कार्ल्याजवळ तर तो चक्क गुणगुणला.

खंडाळ्याच्या पुढे घाट उतरायला लागल्यावर टाच सुटू लागली. तळ आता रुंद नव्हता, पण पट्टा हाडाच्या मागे बसला होता आणि पायाला धरून ठेवायला टाचेशी काहीच नव्हतं. पाय पुढे सरकला, बोटं बाहेर आली. सोनबाने थांबून चिंधी कोंबली. पुढे गेला, पुन्हा थांबला. उशीर व्हायला लागला आणि त्याला पंतांचा शांत आवाज आठवला. मग तो थांबायचाच बंद झाला. एका वळणावर ओहोळाने धोंडे मोकळे केले होते. तिथे डावी वहाण जागेवर राहिली आणि पाय तिच्यातून निसटून पुढे गेला. सोनबा धोंड्यांवरून घरंगळत खालच्या झुडपात जाऊन पडला. घोटा दोरीला पीळ द्यावा तसा फिरला होता.

मच्छिंद्रने त्याला वर ओढून सावलीत बसवलं. मुंडासं फाडून घोटा बांधला. बांधताना तो सारखा म्हणत होता, काय न्हाई, काय न्हाई झालं. सोनबाने स्वतःच्या कमरेची थैली सोडून त्याच्या हातात दिली.

"जा तू. थैलीला उशीर नको."

"तुला असं टाकून?"

"रीत हाय ती. जा."

मच्छिंद्र गेला. सोनबाला त्याची पावलं वळणामागे बराच वेळ ऐकू येत होती. मग ती थांबली आणि समोर नुसतं कोकण उरलं, खालपर्यंत, उन्हात. त्याने तिकडे पाहिलं नाही. तो रडला, आणि घोट्यापेक्षा जास्त त्या उजाडत्या वेळेसाठी रडला. पाय पुढे केला होता की रे मी, असं तो त्या दगडाधोंड्यांना सांगत होता. संध्याकाळी तांदूळ घेऊन वर येणाऱ्या लमाणांनी त्याला बैलावर घालून खंडाळ्याला आणलं.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. माघ संपेपर्यंत तो अंथरुणावर होता. मैनेने एकदाही त्याला म्हटलं नाही की मी सांगत होते. फटकळ बाई ती. पण त्या दिवसांत तिने हा एक शब्द गिळला. सोनबाला ते जास्त लागलं. ती बोलली असती तर तो भांडला तरी असता.

अनंतपंत एकदा विचारपूस करायला स्वतः आले. उंबऱ्याशी उभं राहून म्हणाले, "देवडीवर बस. काळजी करू नको. उभं राहायला लागलं तरी टेकायला भिंत आहे." पंतांच्या तोंडून इतपत आलं, म्हणजे त्यांना वाईट वाटलं होतं.

मच्छिंद्रला संभाजी नावाचा नवा जोडीदार मिळाला. उजाडता उजाडता दोघं थैल्या बांधून देवडीतून बाहेर पडायचे. मच्छिंद्र दर वेळी सोनबाच्या खांद्यावर हात ठेवून जायचा आणि सोनबा दर वेळी विचारायचा, कुठवर? पुणतांब्याला, मिरजेला, पनवेलीला. पनवेल म्हटलं की त्याचा जीव तुटायचा. मग तो उगाचच दरवाज्याची कडी तपासायचा.

फाल्गुनात एका दुपारी देवडीवर दुसरा माणूस आला तेव्हा सोनबा लंगडत बुधवारात गेला. बाजार ऐन भरात होता. हौदावर गर्दी, रस्त्यात गाड्या, समोरच्या पेढीवर कारकून पान लावत बसलेले. गेनबाने त्याला येताना पाहिलं आणि पाण्याचं मडकं घेऊन माती ओली करायला उठला.

"ऱ्हाऊ दे माती," सोनबा म्हणाला.

तो दगडावर टेकला. मुंडाशाच्या टोकाने पाय पुसला आणि पुढे केला.

"घे. हातात घे."

गेनबाने इकडेतिकडे पाहिलं. "दादा, भर बाजार हाय."

"असू दे."

गेनबाने कपड्याला हात पुसले आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. आधी टाच मुठीत धरून पाहिली. मग अंगठा पोटरीकडून खाली आणत घोट्याच्या हाडाशी थांबवला, तळव्याची कमान चाचपली, बोटं एकेक करून बाजूला केली. त्याची बोटं जाड आणि खरखरीत होती, पण पाय त्याने उमललेलं फूल धरावं तसा धरला होता. पायाच्या कडेला एक जुना कडक घट्टा लागला, तिथे तो थांबला.

"ह्यो माझा," तो म्हणाला. पुढे करंगळीशी दुसरा होता. "ह्योबी माझाच. आन् ह्यो." घोट्याच्या वाकड्या हाडावर त्याने हात ठेवला आणि तसाच ठेवला. "ह्योबी."

"तो न्हाई," सोनबा म्हणाला. "तो माझा. तू हात म्होरं केला व्हतास. म्याच दिला न्हाई."

गेनबा काड्या मोडून मापं घेऊ लागला. सोनबाने मान वर करून बाजाराकडे पाहिलं. बायका पाणी भरत होत्या. कारकुनाने पान तोंडात टाकलं. एक म्हातारा गेनबाच्या छपराला टेकून उभा राहिला, खोकला आणि पुढे गेला. एवढ्या बाजारात कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ज्याच्या भीतीने त्याने पाय मागे घेतला होता, तो माणूस त्याला त्या गर्दीत कुठे दिसेना.

वहाणा तयार झाल्या त्या दिवशी सोनबाने त्या तिथेच घातल्या आणि उभा राहिला. पट्टा हाडाच्या पुढे बसला होता, टाच चामड्याने दोन्हीकडून धरली होती. वाकड्या घोट्याच्या बाजूला गेनबाने आतून मऊ कातडं लावलं होतं. सोनबा हौदापर्यंत गेला आणि परत आला. फटक नाही, घसरणं नाही, कुठे बोचणं नाही. लंगडत होता, पण ते घोट्याचं. वहाणेचा दोष आता औषधालाही उरला नव्हता.

"कशा हायत?" गेनबाने विचारलं.

सोनबाने खाली वहाणांकडे पाहिलं. आपला पाय आपल्याला आत्ता कळला, असं त्याला वाटलं आणि ते कळून काय करायचं, हे कळेना. त्याने मान हलवली आणि देवडीकडे निघाला. पायरीशी पोचल्यावर त्या काढून बाजूला ठेवल्या. वाड्याच्या दरवाज्यात वहाणा घालून बसत नाहीत.

पुढचं वर्ष असंच गेलं. घरून देवडी आणि देवडीवरून घर, मध्ये जेमतेम शंभर पावलं. शिमग्याच्या आधी गेनबाने हौदाशी त्याला हटकलं. "दादा, वरीस झालं. तळ झिजला असंल. बघू तरी, दुसरा ठोकून देतो."

सोनबाने दगडावर टेकून डावी वहाण काढून दिली. गेनबाने ती उलटी केली. कातडं कापण्याआधी तळावर आरीच्या टोकाने रेघ आखतात. जासुदाच्या वहाणेवरची ती रेघ पहिल्या घाटातच पुसून जाते. ह्या तळावर ती टाचेपासून अंगठ्यापर्यंत तशीच होती, आज आखल्यासारखी.

गेनबाने तिच्यावरून अंगठा फिरवला. वहाण सुलटी करून त्याने ती सोनबाच्या पायात घातली आणि पट्टा बसवला.

"तेल लावत जा," तो म्हणाला. "चालनं नसलं की कातडं वाळतं."

"लावतो," सोनबा म्हणाला.